चिमूटभर मूलद्रव्याने एजिंग का बदलते: ६०६१ च्या दोन हीटवरून

एक्स्ट्रूजन कारखान्यात क्वालिटी पाहणाऱ्या एका अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ६०६१ या मॅग्नेशियम-सिलिकॉन असलेल्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या दोन हीट, म्हणजे ओतलेल्या दोन खेपा, आहेत. दोन्हींचे रासायनिक विश्लेषण मर्यादेत आहे, आणि दोन्ही एजिंगसाठी, म्हणजे धातू कडक व्हावा म्हणून, एकाच भट्टीत १७५ अंश सेल्सिअसला ८ तास ठेवल्या होत्या. तरीही पहिलीचा हार्डनेस ९५ ब्रिनेल आला आणि दुसरीचा ८४. पहिलीत तांबे ०.३४ टक्के व क्रोमियम ०.०८ टक्के, दुसरीत तांबे ०.१७ व क्रोमियम ०.२७, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन जवळजवळ सारखेच. एवढ्याशा फरकाने अवक्षेपण, म्हणजे विरघळलेल्या अणूंचे बारीक कण होऊन बाहेर पडणे, खरोखर बदलते का, आणि कथिल, चांदी, झिर्कोनियम, स्कँडियम यांच्याविषयी जे वाचायला मिळते त्याचा आपल्या भट्टीशी काही संबंध आहे का?

बदलते, आणि संबंधही आहे. मात्र अकरा अंकांचा हा फरक एकट्या तांब्याच्या माथी मारण्याआधी प्रश्नात न आलेली एक गोष्ट पाहावी लागेल: क्वेंच (तापलेला माल एकदम थंड करणे) झाल्यापासून माल एजिंगच्या भट्टीत जाईपर्यंत किती तास गेले. मिळवलेल्या मूलद्रव्याचा परिणाम त्याच्या टक्केवारीवरून कळत नाही. त्याचा अणू कोणत्या टप्प्याला कुठे जाऊन बसतो, यावरून कळतो. तो जालकातल्या (अणूंच्या नियमित रचनेतल्या) रिकाम्या जागेला चिकटतो, अवक्षेपाच्या आत शिरतो, त्याच्या पृष्ठभागावर थांबतो की होमोजनायझिंगच्या (ओतलेला ठोकळा एक्स्ट्रूजनआधी तापवून एकसारखा करण्याच्या) वेळीच वेगळा कण बनून बसतो, हे कळले की पुढचे बरेचसे उलगडते. म्हणून मी उत्तराची सुरुवात तांब्यापासून न करता या रिकाम्या जागांपासून करतो.

५३० अंशांच्या आसपास ६०६१ मधले मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियममध्ये जवळजवळ पूर्ण विरघळलेले असतात. पाण्यात क्वेंच केल्यावर त्यांना बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि ते अतिसंपृक्त घन विद्रावात अडकून राहतात. पुढे १७५ अंशांना हेच अणू एकत्र येऊन सुईसारखे बारीक अवक्षेप तयार करतात, ज्यांना बीटा-डबल-प्राइम म्हणतात. सुईची जाडी ४ नॅनोमीटरच्या आसपास आणि लांबी काही दशक नॅनोमीटर. चांगल्या टी६ (क्वेंच करून भट्टीत पूर्ण एज केलेल्या) मालात एका घन मायक्रोमीटरमध्ये अशा सुया दहा हजारांच्या किंवा त्याहून जास्तीच्या घरात असतात. डिसलोकेशनची (जालकातल्या ज्या दोषरेषा सरकल्याने धातू वाकतो त्यांची) वाट या सुया अडवतात, म्हणून धातू कडक होतो. सुया पुष्कळ आणि बारीक असल्या तर हार्डनेस चढतो, मोजक्या आणि जाड असल्या तर तेवढेच मॅग्नेशियम-सिलिकॉन खर्चूनही तो उतरतो. मिळवलेले मूलद्रव्य मुख्यतः ही संख्या बदलते, आणि संख्या ठरते ती अंकुरणाच्या अगदी सुरुवातीच्या काळात.

त्या काळात अणू हलतात कसे? अ‍ॅल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम किंवा सिलिकॉनच्या अणूला जागा बदलायची असेल तर शेजारी जालकाची एखादी रिकामी जागा असावी लागते. ५३० अंशांना समतोलात अशा रिकाम्या जागा दर दहा हजार स्थानांमागे एखादी, म्हणजे दर दहा लाखांमागे शंभराच्या आसपास असतात. खोलीच्या तापमानाला समतोलातले प्रमाण दहा हजार कोटींत एक इतके खाली येते. परंतु क्वेंच जलद असेल तर वरच्या तापमानाच्या बहुतेक रिकाम्या जागा तशाच खाली येतात, आणि धातूत समतोलापेक्षा कोटी पटीने जास्त जागा कोंडल्या जातात. खोलीच्या तापमानाला एजिंग होते ते याच कोंडलेल्या जागांच्या बळावर. त्या नसत्या तर मॅग्नेशियमचे अणू वर्षानुवर्षे जागचे हलले नसते.

दर दहा लाखांमागे शंभर, हा आकडा मनात ठेवावा, कारण चिमूटभर मूलद्रव्याचे कोडे त्यातूनच सुटते. एखाद्या मूलद्रव्याला या रिकाम्या जागांची ओढ असेल, तर त्याचे प्रमाणही दर दहा लाखांमागे शंभर अणू एवढेच पुरते. एकेका अणूने एकेक जागा धरून ठेवली की सगळी वाहतूक थांबते. मॅग्नेशियम एक टक्का असो की दीड, ते हलणारच नाही.

या विद्येचा उगमही अशाच एका थांबण्यातून झाला. १९०६ साली बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हे तांबे आणि थोडे मॅग्नेशियम असलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर काम करत होते. क्वेंच करून ठेवलेला नमुना आठवडाअखेरच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासला तेव्हा तो पहिल्यापेक्षा कडक झालेला आढळला, असे सांगितले जाते. त्यातूनच ड्युरालुमिन हा मिश्रधातू आला. त्यामागचे कारण अमेरिकेत मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये अवक्षेपणाशी जोडले, आणि १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तांब्याच्या अणूंचे ते पहिले पातळ थर दाखवून दिले. जीपी झोन हे नाव या दोघांच्या आद्याक्षरांवरून पडले. विल्म यांच्या मिश्रधातूतल्या अर्ध्या टक्क्याच्या मॅग्नेशियमला यात मोठे महत्त्व होते. ते तांब्याबरोबर लहान पुंजके करते, आणि त्यामुळे खोलीच्या तापमानाचे एजिंग नुसत्या अ‍ॅल्युमिनियम-तांब्यापेक्षा पुष्कळ वेगाने होते.

विल्म यांना सुट्टीने हार्डनेस दिला, आम्हाला सुट्टीने तो घालवला. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या कारखान्यात होतो, तिथे बुधवारी संध्याकाळी प्रेसवरून उतरलेले ६०६१ चे बार स्ट्रेच करून, कापून रॅकवर लावले जात आणि शुक्रवारी सकाळी भट्टीत जात. त्या मालाचे वेबस्टरचे (हातात धरून हार्डनेस मोजण्याच्या उपकरणाचे) वाचन बाकीच्या दिवसांपेक्षा दीड-दोन अंकांनी कमी येई. पकडीसारखा वेबस्टर दाबून बारच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये वाचन घ्यायचे आणि खडूने तिथेच लिहायचे, असे आम्ही कित्येक आठवडे केले. थर्मोकपल बदलून झाले, भट्टीतल्या हवेच्या पंख्याची दिशा तपासून झाली, बिलेट (एक्स्ट्रूजनसाठीचे ओतीव ठोकळे) पुरवणाऱ्याशी पत्रव्यवहार झाला. शेवटी उत्पादनाच्या नोंदवहीत क्वेंचच्या वेळेचा एक रकाना वाढवला, आणि महिनाभराची वाचने त्या रकान्यासमोर मांडल्यावर कारण डोळ्यांसमोर आले. भट्टीत दोष नव्हता. दोष रॅकवरच्या त्या ३६ तासांत होता.

त्या तासांत काय घडते? कोंडलेल्या रिकाम्या जागांच्या मदतीने मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू खोलीच्या तापमानालाच लहान लहान पुंजके करतात. हे पुंजके १७५ अंशांच्या सुयांचे अंकुर झाले असते तर फायदाच होता. पण बहुतेक पुंजके तसे होत नाहीत. ते त्या तापमानाला लगेच विरघळतही नाहीत आणि सुईत रूपांतरितही होत नाहीत. विरघळलेले द्रव्य त्यांच्यात अडकते, रिकाम्या जागा त्यांच्यात अडकतात, आणि सुया संख्येने कमी व आकाराने जाड होतात. मॅग्नेशियम सिलिसाइडचे प्रमाण सुमारे एक टक्क्यापेक्षा जास्त असलेल्या मिश्रधातूंना, म्हणजे ६०६१ आणि ६०८२ यांना, हा तोटा होतो. ६०६३ सारख्या कमी मिश्रणाच्या धातूला तो होत नाही. काही वेळा थोडे थांबणे त्याला मानवतेसुद्धा. आम्ही शेवटी केलेला उपाय साधा होता: बुधवारच्या शेवटच्या पाळीत प्रेसवर ६०६१ चढवायचेच नाही, ६०६३ चढवायचे. मोटारींच्या पत्र्यांना हा उपाय चालत नाही, कारण पत्रा तयार झाल्यापासून गाडीच्या रंगाच्या भट्टीत जाईपर्यंत महिने जातात. तिथे क्वेंचनंतर लगेच साधारण ८० ते १०० अंशांना थोडा वेळ तापवून योग्य जातीचे पुंजके आधीच तयार करून ठेवतात.

आता कथिलाकडे वळतो, कारण या साऱ्या विषयात मला ते सर्वांत शिकवणारे उदाहरण वाटते. कथिलाचा अणू अ‍ॅल्युमिनियमच्या जालकात बराच मोठा असतो आणि रिकाम्या जागेला घट्ट बांधून घेतो. श्टेफान पोगाचर, पेटर उगोविट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ६०६१ मध्ये दर दहा लाखांमागे शंभराच्या आत कथिलाचे अणू घातले, आणि खोलीच्या तापमानाचे एजिंग कित्येक दिवस पुढे ढकलले गेल्याचे दाखवले. रिकाम्या जागा कथिलाने धरून ठेवल्या, त्यामुळे पुंजके झालेच नाहीत. धातू भट्टीत गेल्यावर मात्र तापमानामुळे ही पकड ढिली होते, जागा मोकळ्या होतात आणि सुया जोमाने उगवतात. म्हणजे कथिल स्वतः अवक्षेपात न जाता अवक्षेपणाची वेळ ठरवते. पुढे कोणतेही नवे मूलद्रव्य वाचनात आले तर पहिला प्रश्न हाच विचारावा: याचे रिकाम्या जागांशी काय नाते आहे?

लगेच कथिल विकत आणावे, असे मात्र मी सुचवणार नाही. त्याची विद्राव्यता अगदी थोडी आहे आणि मॅग्नेशियमच्या उपस्थितीत ती आणखी घटते. जास्तीचे कथिल मॅग्नेशियमशी संयुग करून बसते, म्हणजे ते स्वतःही वाया जाते आणि सुयांसाठी हवे असलेले मॅग्नेशियमही घेऊन जाते. कथिल २३२ अंशांना वितळत असल्याने न विरघळलेल्या कथिलाने गरम अवस्थेत तडे जाण्याची भीतीही असते. सोल्युशन ट्रीटमेंटचे (क्वेंचआधी मूलद्रव्ये विरघळवण्याचे) तापमान आणि क्वेंच या दोन्हींवर पक्की पकड असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

यातूनच एक व्यावहारिक इशारा निघतो, जो मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. दर दहा लाखांमागे शंभर अणू कथिल म्हणजे वजनाने ०.०४ टक्के. ६०६१ च्या मानकात ‘इतर मूलद्रव्ये’ या ओळीत प्रत्येकी ०.०५ आणि एकूण ०.१५ टक्क्यांची मुभा असते. म्हणजे एजिंगचे सारे वेळापत्रक बदलण्याइतके कथिल त्या ओळीत बसून जाते आणि प्रमाणपत्रावर त्याचे नावही येत नाही. प्राथमिक धातूच्या बिलेटमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही; भंगारातून केलेल्या बिलेटमध्ये येऊ शकतो. दोन हीट कागदावर सारख्या असून वागण्यात वेगळ्या असतील, तर स्पेक्ट्रोमीटरवर कथिल, कॅडमियम, इंडियम आणि शिसे यांच्या रेषा मुद्दाम मागून घ्याव्यात.

आता प्रश्नातल्या तांब्याकडे येतो. ६०६१ मध्ये तांबे ०.१५ ते ०.४० टक्के चालते, आणि तुमच्या दोन हीट या पट्ट्याच्या दोन टोकांकडे आहेत. तांबे सुरुवातीच्या पुंजक्यांत सामील होते आणि सुयांची संख्या वाढवते. पुढे ते सुईच्या पृष्ठभागावर जाऊन बसते, आणि अवक्षेपांचा एक वेगळा वंशही सुरू करते, ज्याचा शेवट अ‍ॅल्युमिनियम, तांबे, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अशा चौघांच्या क्यू या संयुगात होतो. या वंशातले अवक्षेप सावकाश जाड होतात, त्यामुळे भट्टीत माल ठरलेल्यापेक्षा तासभर जास्त राहिला तरी तांबे असलेला धातू लवकर उतरत नाही. शिवाय रॅकवर थांबण्याचा तोटाही तांब्यामुळे कमी होतो. म्हणून ०.३४ टक्क्यांच्या हीटला तिन्ही बाजूंनी आधार आहे आणि ०.१७ च्या हीटला तो निम्माच आहे. मात्र तांबे वाढवण्याची किंमत गंजात मोजावी लागते. तांबे कणसीमांवर (धातूच्या स्फटिक-कणांमधल्या सीमांवर) गोळा होते, त्याच्या शेजारचा पट्टा तांब्याला मुकतो, आणि कणांच्या सीमेने आत जाणारा गंज सुरू होतो, तांबे ०.१ टक्क्याच्या आसपास असताना हा धोका जवळजवळ नसतो. कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्यात उघड्यावर बसणाऱ्या भागासाठी हार्डनेसचे चार अंक मिळवायला तांबे वाढवणे मला पटत नाही.

तुमच्या प्रश्नात तांब्याइतकेच लक्ष क्रोमियमकडे जायला हवे होते. क्रोमियम आणि मँगनीज एजिंगच्या अवक्षेपात जात नाहीत. बिलेट होमोजनाइझ करतानाच ते लोह आणि सिलिकॉनला घेऊन बारीक कण बनवतात, ज्यांना डिस्परसॉइड म्हणतात. धातूचे स्फटिक-कण वाढू नयेत आणि पुनर्स्फटिकीकरण (जुन्या स्फटिक-कणांच्या जागी नवे उगवणे) रोखले जावे, यासाठी ते मुद्दाम घातलेले असतात आणि ते काम ते चोख करतात. परंतु डिस्परसॉइडचा पृष्ठभाग आजूबाजूच्या जालकाशी जुळत नसल्याने, क्वेंच सावकाश झाला तर साधारण ४५० ते २५० अंशांच्या पट्ट्यात मॅग्नेशियम सिलिसाइड त्यावर सहज अंकुरते आणि जाडजूड होऊन बसते. हे द्रव्य एजिंगच्या सुयांना मिळत नाही. त्या जाड कणांभोवतीचा भाग विरघळलेल्या द्रव्यालाही मुकतो आणि रिकाम्या जागांनाही. म्हणूनच क्रोमियम जवळजवळ नसलेले ६०६३ प्रेसवर पंख्याच्या हवेत क्वेंच होऊ शकते, आणि ६०६१ ला पाणी लागते. ०.०८ टक्के क्रोमियमची हीट अर्धवट क्वेंच सहन करते, ०.२७ टक्क्यांची करत नाही. तुमच्या प्रेसवर पाण्याचा फवारा आहे की धुके आहे, आणि प्रोफाइलची सर्वांत जाड बाजू किती मिलिमीटरची आहे, हे कळल्याशिवाय दुसऱ्या हीटचा निकाल लावता येणार नाही.

विमानांच्या मिश्रधातूंत हाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला. ७०७५ मध्ये ०.१८ ते ०.२८ टक्के क्रोमियम असते. पातळ पत्र्यात ते त्रास देत नाही, पण जाड ठोकळ्याच्या मध्यापर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जस्त-मॅग्नेशियमचे संयुग क्रोमियमच्या कणांवर अंकुरते. ७०५० तयार करताना म्हणून क्रोमियम काढून ०.०८ ते ०.१५ टक्के झिर्कोनियम घातले. झिर्कोनियमचे कण बारीक असतात आणि त्यांचे जालक अ‍ॅल्युमिनियमशी जुळते, त्यामुळे त्यांच्यावर दुसरे काही सहज अंकुरत नाही. मात्र धातू पुनर्स्फटिकीकृत झाला आणि कणसीमा या झिर्कोनियमच्या कणांवरून सरकून गेली, की ही जुळणी मोडते, आणि मग तेच कण क्रोमियमच्या कणांसारखे वागू लागतात. एकच मूलद्रव्य, तितकेच प्रमाण, आणि फोर्जिंगचे तापमान बदलल्याने परिणाम उलटा: हे मी प्रत्यक्ष भागांवर पाहिलेले आहे. जाड भागाच्या मध्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) पृष्ठभागापेक्षा वर गेलेली दिसली की समजावे, द्रव्य क्वेंचमध्येच बाहेर पडले आहे.

चांदीचे उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. अ‍ॅल्युमिनियम-तांब्यात एजिंगचा मुख्य अवक्षेप थीटा-प्राइम असतो, आणि त्याच्या चकत्या जालकाच्या घनाच्या बाजूंना समांतर पडतात. ऑस्ट्रेलियात इयान पोलमिअर यांनी तांबे जास्त आणि मॅग्नेशियम थोडे असलेल्या धातूत चांदी घालून पाहिली. प्रमाण वजनाने ०.४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अणूंच्या हिशेबात हजारात एक. त्या धातूत ओमेगा नावाच्या चकत्या तयार होतात, आणि त्या घनाच्या कोपऱ्यांकडे तोंड केलेल्या तिरप्या प्रतलांवर पडतात. डिसलोकेशन याच प्रतलांवरून घसरत असल्याने तिथे पडलेल्या चकत्या त्यांना चांगल्या अडवतात. पुढे अणू मोजणाऱ्या उपकरणाने पाहिले तेव्हा चकतीच्या आत चांदी सापडली नाही. आत तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम, आणि चांदी-मॅग्नेशियमचे अणू पृष्ठभागावर एका पातळ थरात. हा थर चकतीला जाड होऊ देत नाही, म्हणून २०० अंशांच्या आसपासही ती बराच काळ बारीक राहते. मॅग्नेशियम नसेल तर नुसत्या चांदीने ओमेगा होत नाही. मिळवलेले मूलद्रव्य पुष्कळदा जोडीने काम करते आणि जोडीदार धातूत आधीपासूनच असतो, हे इथे स्पष्ट दिसते. मॅग्नेशियम नसलेल्या अ‍ॅल्युमिनियम-तांब्यात कथिल, कॅडमियम किंवा इंडियम ०.०५ टक्के घातले तरी खोलीच्या तापमानाचे एजिंग मंदावते आणि भट्टीत थीटा-प्राइम फार बारीक पडतो. कथिलाच्या बाबतीत त्याचे सूक्ष्म कणच चकत्यांचे अंकुर होतात. इथे कथिलाचे काम रिकाम्या जागा धरण्यापुरते राहत नाही, ते अंकुरणाची जागाही पुरवते.

स्कँडियमविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची विचारणा अलीकडे वारंवार होते. त्याचे अवक्षेप फार चांगले असतात, जालकातला फरक १.३ टक्क्यांच्या आसपास असल्याने ते जुळलेले राहतात, आणि झिर्कोनियम सोबत असेल तर ते सावकाश येऊन कणावर कवच चढवते, त्यामुळे कण आणखी टिकतो. मात्र हे सारे ३०० अंशांच्या आसपास घडते, जिथे ६०६१ च्या सुया केव्हाच संपलेल्या असतात. शिवाय सिलिकॉन भरपूर असलेल्या धातूत स्कँडियम सिलिकॉनशीच संयुग करून अडकते. ६०६१ किंवा एलएम२५ (सिलिकॉन भरपूर असलेला ओतकामाचा मिश्रधातू) मध्ये हार्डनेससाठी स्कँडियम घालणे म्हणजे फार महाग धातू वाया घालवणे आहे.

एलएम२५ च्या ओतकामात नुकसान करणारे मूलद्रव्य बहुधा लोह असते. लोह वाढले की ते मॅग्नेशियम आणि सिलिकॉनला घेऊन संयुग करते, आणि लेडलमध्ये ०.३५ टक्के मोजलेले मॅग्नेशियम एजिंगला तेवढे शिल्लक राहत नाही. ६०६१ मध्येही असाच हिशेब सिलिकॉनचा करावा: लोह, मँगनीज आणि क्रोमियम यांच्या बेरजेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा सिलिकॉन त्यांच्याकडे गेला असे धरून तो वजा करावा, आणि उरलेल्या सिलिकॉनची तुलना मॅग्नेशियमशी करावी. मॅग्नेशियम सिलिसाइडमध्ये वजनाने सिलिकॉनच्या १.७३ पट मॅग्नेशियम असते. तुमच्या दुसऱ्या हीटमध्ये क्रोमियम ०.१९ टक्क्याने जास्त आहे, म्हणजे एकूण सिलिकॉन सारखे दिसत असूनही सुयांसाठी ०.०५ ते ०.०६ टक्के कमी उरले आहे. हा आकडा छोटा वाटला तरी त्याला हार्डनेसच्या हिशेबातून वगळता येणार नाही.

निदानासाठी पुढीलप्रमाणे करावे. दोन्ही हीटच्या मालातून सारख्या जाडीचे प्रत्येकी आठ तुकडे कापा आणि प्रयोगशाळेच्या भट्टीत ५३० अंशांना तासभर ठेवा. प्रत्येक हीटचे सहा तुकडे थंड पाण्यात क्वेंच करा आणि उरलेले दोन पंख्याच्या हवेत. पाण्यातल्या सहांपैकी दोन अर्ध्या तासाच्या आत, दोन एका दिवसाने आणि दोन तीन दिवसांनी १७५ अंशांना ८ तास एज करा. हवेतले दोन अर्ध्या तासाच्या आतच भट्टीत घाला. प्रत्येक तुकड्याची कंडक्टिव्हिटी एजिंगच्या आधी आणि नंतर घ्या, हार्डनेस नंतर घ्या. टी६ अवस्थेतल्या ६०६१ ची कंडक्टिव्हिटी ४३ टक्के आयएसीएसच्या (प्रमाणित तांब्याची वाहकता १०० धरणाऱ्या मापाच्या) आसपास, आणि क्वेंच करून खोलीच्या तापमानाला राहिलेल्याची ४० च्या आसपास असते. एजिंगनंतर हार्डनेसही कमी आणि कंडक्टिव्हिटीही कमी दिसली तर द्रव्य अजून विद्रावात आहे. हार्डनेस कमी पण कंडक्टिव्हिटी जास्त असेल तर द्रव्य बाहेर पडले आहे, पण चुकीच्या जागी किंवा जाड होऊन.

पाण्यात क्वेंच करून लगेच एज केलेल्या तुकड्यांत दोन्ही हीट तीन-चार अंकांच्या आत आल्या, तर तेवढाच फरक तांबे आणि सिलिकॉनच्या हिशेबाचा समजा. दुसरी हीट एक किंवा तीन दिवसांच्या तुकड्यांत पहिलीपेक्षा जास्त घसरली, तर रॅकवरचा वेळ हे कारण आहे आणि कमी तांब्याने ते वाढवले आहे. ती हवेतल्या तुकड्यांत घसरली, तर क्रोमियम आणि प्रेसवरचे पाणी यांचा संबंध तपासा. आणि यापैकी काहीच न होता दुसरी हीट एक-तीन दिवस थांबूनही पहिलीपेक्षा कमी घसरलेली दिसली, तर प्रयोगशाळेला फोन करून त्या ‘इतर’ ओळीतल्या कथिलाचा आकडा मागवा.